उघड्यावरचं लाकूड

मल्लेशम येमूल पेंटरनं खालूनच मान वर करून बघितलं
आणि म्हणाला, चार हजार. सामान तुझं.
मी म्हटलं, मग एखादा जुना ब्रश तरी दे.
दिला. दोन इंची, केस गळणारा,
आणि वर एक वाक्य फुकट:
लाकूड अंगानं नाही पीत पाणी, तोंडानं पितं.

साखर पेठेतली आमची गॅलरी. सव्वीस दांडे,
वर एक आडवी पट्टी, तिच्यावर सगळ्यांची कोपरं.
गड्ड्याची यात्रा उठून दोन महिने झालेत,
ऊन आता नवाच्या आत दातात येतं.
म्हणून साडेपाचला उठायचं.
आठनंतर लावलेला रंग साय धरतो,
दहापर्यंत त्याला फोड येतात, पापडासारखे.
हे मी पहिल्या दिवशी चार दांडे वाया घालवून शिकले.

आधी धुतलं. मग दोन दिवस नुसतं वाळू दिलं.
मग पत्र्यानं खरवडलं.
हिरव्याखाली चॉकलेटी,
चॉकलेटीखाली एक पिवळा, कुणालाच न आठवणारा.
आठवणी वगैरे काही निघाल्या नाहीत.
धूळ निघाली. ती नाकात गेली, डाळीत गेली,
समोरच्या बोद्दुलांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर गेली,
त्यावरून जे निघालं ते इथे लिहीत नाही.

ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीसचा.
कारखान्यात मी दिवसाला नव्वद कॉलर लावते
शाळेच्या शर्टांना,
तरी बोटांची ही बाजू कधी दुखली नव्हती.

एकोणिसावा, विसावा, एकविसावा.
हे तीन बोटानं दाबले की आत जायचे,
भिजलेल्या बिस्किटासारखे.
बाकीचे तेवीस ठणठणीत.
तेवढाच पाऊस, तेवढंच ऊन, एकाच झाडाचे असतील.
मी बराच वेळ बघत बसले.
मग आई आली, हातात सूप,
आणि तेंदूची पानं गुंडाळलेला ओला चादरीचा तुकडा
तिनं नेहमीच्या जागी टाकला.
एकोणीस, वीस, एकवीस.

बत्तीस वर्षं.
रोज हजार विड्या,
रोज पानं मऊ राहायला पाणी,
ते थेंब थेंब खाली, दांड्यांच्या तोंडात.
मी काही बोलले नाही. तिनंच बघितलं
माझ्या बोटाकडे, लाकडातल्या खळग्याकडे,
आणि तुकडा उचलून मोरीकडे घेऊन गेली.

तीन दांडे बदलले. भंगारातून आणले,
मोडलेल्या हातमागाचे, सागाचे,
सुतानं घासून गुळगुळीत झालेले, जरा बुटके.
खाली पाचर दिली.
मग बुडं रंगवली, सगळ्यांची,
पालथी पडून, आरसा खाली धरून,
कारण तोंड तिकडे असतं.
ते कुणालाही दिसणार नाही.
मल्लेशम तेवढं बघायला आलेला,
वाकला, बोट फिरवलं, हं म्हणाला.
मग म्हणाला, दरवर्षी बघायचं,
पडेपर्यंत थांबायचं नाही, केस कापतो तसं.
त्याला टक्कल आहे.

प्रायमर एक हात, रंग दोन हात.
निळा घेतला. निळा का, तर डबा उरलेला
फॅक्टरीच्या गेटचा, अर्ध्या किमतीत.

दुसरा हात संध्याकाळी संपला.
सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर
पट्टीवर, विसाव्याच्या बरोबर वर,
ओला चादरीचा तुकडा.
हात आपला आपण गेला असणार.
उचलला तर चर्र झालं.
रंगात चादरीची वीण उमटलेली, ताणाबाणा सगळा,
आणि कडेला अर्धं फूल, उलटं.

आई दारात उभी. तोंडावर पदर.
मी एकशेवीसचा कागद घेतला, परत ठेवला.
पोनी, म्हणाली ती, जाऊ दे.

पाणी साठेल त्या विणीत, हे मला माहीत आहे.
पुढच्या फाल्गुनात घासायला
तिथूनच सुरुवात करायची.